कण्हेरीला घातलेलं पाणी

कण्हेरीला पाणी घातलेलं मला खपत नाही. उत्रोलीच्या आमच्या घरापुढं पांढरी कण्हेर आहे, आणि चैत्र लागला की आमच्या सूनबाईंना तिची दया येते. तांब्या घेऊन ती अंगणात उतरली की मी ओट्यावरूनच विचारते, कुठं चाललीस? ती म्हणते, पानं मलूल दिसतात. दिसू देत. कण्हेर म्हणजे काही मोगरा नव्हे, दोन दिवस पाणी चुकलं की मान टाकायला. मुरमात लावा, खडकात लावा, गुरं तोंड लावत नाहीत, शेळी हुंगून पुढं जाते. कुंपण नको, राखण नको. पावसाळा सरला की छाटायची आणि तिच्या वाटेला जायचं नाही, एवढीच तिची सेवा. सून मनात म्हणत असेल, म्हातारी कजाग आहे. आहेच मी. पण हे कजागपण कुठून आलं ते तिला कधी धड सांगितलं नाही.

माझं माहेर भोरच्या वरच्या अंगाला, वेळवंडीच्या काठी. तिथला पाऊस आडवा मारणारा, म्हणून घरं बसकी. छप्पर भुईकडं ओढलेलं आणि दार तर असं ठेंगणं की मोठ्या माणसानं निम्मं वाकल्याशिवाय आत जाता येत नसे. माझे आबा, म्हणजे वडील, चांगले धिप्पाड. त्यांच्या कपाळावर बारमाही टेंगूळ. शेतावरून दमून यायचे, चौकटीवर डोकं आपटायचं, आणि मग चौकट करणाऱ्या सुताराच्या सात पिढ्यांचा उद्धार व्हायचा. म्हणून आयला सवयच लागली होती. दारात कुणीही येवो, पाव्हणा असो, गुरव असो, ताक मागायला आलेली शेजारीण असो, 'या' म्हणायच्या आधी ती म्हणायची, "डोकं संभाळा." आम्ही पोरं तर तिला चिडवायला दोन हात लांबूनच वाकून चालत यायचो.

दाराच्या उजव्या हाताला कण्हेर होती. आय लग्न होऊन आली तेव्हाच ती छपराच्या वर गेलेली. कुणी लावली, कधी लावली, कुणाला ठाऊक नव्हतं. नहाणीचं पाणी तिच्या बुडाशी जायचं, एवढंच. रोज सकाळी आय सडा घालायची, उंबरा धुवायची, हळदकुंकू लावायची आणि कण्हेरीचं एक फूल उंबऱ्यावर ठेवायची. आमचा उंबरा दगडी होता, मधे झिजून खोलगट झालेला. त्या खोलगट जागी फूल बरोबर बसायचं. सोमवारी ओंजळभर फुलं महादेवाच्या देवळात जायची. बाकी त्या झाडाकडं कुणी ढुंकून बघत नसे.

मग खालच्या अंगाला मोठं धरण झालं आणि पाणी आमच्या गावात येणार असं ठरलं. ठरलं म्हणजे काय, वर्षानुवर्षं ऐकत होतो, खरं कुणाला वाटत नव्हतं. वर माळावर जागा आखून मिळाली तरी माणसं खालीच राहिली. शेवटी पावसाच्या तोंडाला एकदम घाई उडाली. कौलं उतरवली, वासे काढले, दाराच्या फळ्या काढल्या. चौकट वाळवीनं पोखरलेली म्हणून आबांनी ती तिथंच सोडली. माळावर बांधीन ते दार असं उंच बांधीन की घोड्यावर बसून आत जाईन, असं ते मोठ्यानं म्हणाले. लोक हसले. घोडा होता कुठं आमच्याकडं?

आय त्या गडबडीत कोयता घेऊन कण्हेरीच्या फांद्या तोडत बसली होती. लोक जाती-पाटे बैलगाडीत चढवत होते आणि ही काटक्या गोळा करते. बायकांनी तिला बोल लावले की येडी झालीस का, माळावर काय कमी काटक्या आहेत? तिनं ऐकलं नाही. फांद्यांच्या टोकांना शेण लावलं, ओल्या पोत्यात गुंडाळलं, विषारी चीक लागलेले हात राखेनं घासून धुतले. तेवढ्यात आबांनी बैल हाकले. ती फांद्या घेऊन गाडीमागं पळाली. नदी ओलांडून वर चढणीला लागल्यावर तिला आठवलं, आणि ती वाटेतच मटकन खाली बसली. त्या दिवशी उंबरा पुजायचा राहिला होता. ज्या घरात नांदली, ते घर सोडताना उंबऱ्यावर फूलसुद्धा न ठेवता ती निघाली होती.

आबा म्हणाले, जाऊ उद्या. पण दुसऱ्या दिवशी पावसानं नदीला पाणी आणलं, आणि त्या पावसाळ्यात ते पाणी खाली उतरलंच नाही. आमच्या डोळ्यांदेखत चढत गेलं. वावरं गेली, मग घरं गेली, मग देवळाचा कळस.

माळावरचं घर मला कधीच आवडलं नाही. आयला तर बिलकूल नाही. दार खरंच उंच झालं होतं. आबा मान ताठ ठेवून आत-बाहेर करायचे आणि उगाचच जास्त वेळा करायचे. आय म्हणायची, वाकावं लागत नाही, त्यामुळं घरात आल्यासारखं वाटतच नाही. तिनं त्या दाराशी फांद्या रोवल्या. बाकीच्या वाळल्या, एक तेवढी धरली. धरली त्या दिवशी तिनं साऱ्या आळीत गूळ वाटला.

पुढच्या उन्हाळ्यात पाणी ओसरायला लागलं आणि वैशाखात आमचं गाव वर आलं. आधी कळस, मग सभामंडप, मग घरांची जोती. तेव्हापासून गावाची रीतच पडली. देऊळ उघडं पडलं की पहिल्या सोमवारी सगळ्यांनी खाली जायचं, गाळ काढायचा, देवाला आंघोळ घालायची, नारळ फोडायचा, आणि मग जो तो आपापल्या जोत्यावर जाऊन बसायचा. बायका रडायच्या, पोरं हुंदडायची. सगळं गाव गेलं. आय गेली नाही. आळीतल्या बायका न्यायला आल्या तेव्हा ती म्हणाली, "मोकळ्या हातानं म्या न्हाई उतरायची. आपल्या दारचं फूल हाती आलं की जाईन. त्या उंबऱ्याला दुसऱ्याच्या दारचं फूल चालायचं न्हाई."

म्हणून मी गेले. परत आले तर ती दारातच उभी. पहिलं विचारलं काय, तर चौकट उभी हाय का? मी म्हटलं, उभी आहे, भिंतीही आहेत, छपराची तेवढी वानवा. ती हसली. म्हणाली, मग काही घाई नाही, पुढच्या वर्षी झाड फुलेल.

फुलेल कसलं? तिनं त्या झाडाचे असे लाड मांडले की विचारू नका. तिच्या मनानं घेतलं होतं की कण्हेर तहानलेली आहे. काठावरचं झाड, नहाणीच्या ओलीवर वाढलेलं, त्याला या मुरमात कसं करमावं? माळाजवळ एक झरा होता, आम्ही त्याचंच पाणी प्यायचो. पण कण्हेरीला झऱ्याचं पाणी तिला चालत नसे. तिला धरणाचंच पाणी हवं. का, तर ते पाणी आपल्या घरावरून आलेलं आहे, झाड ते ओळखेल. असं कुठं असतं का? पण आयपुढं बोलायची सोय नव्हती. थंडीत पाणी जवळ असायचं तेव्हा ती स्वतः घागर भरून आणायची. उन्हाळ्यात पाणी मागं सरकलं की वाट लांबायची. निम्म्या उतारावर एक आंबा होता, तिथून गाव दिसायला लागायचं. आय आंब्यापाशी थांबायची आणि गावाकडं पाठ करून बसायची. मी कळशी घेऊन खाली पळायचे, भरून आणायचे, मग ती तिच्या डोक्यावर. एवढं करून ते पाणी एका झाडाच्या बुडाशी ओतायचं! माझ्या मानेचा काटा ढिला व्हायचा आणि मी फणफणत असायचे. वरून शेणखत. आठवड्याला पाटी.

झाड मात्र तरारलं. काळंभोर पान, बोटभर लांब कोवळी शेंडी, दोन पावसाळ्यांत आबांच्या डोक्यावर गेलं. आणि फुलाचा पत्ता नाही. शेंड्यांवर माव्याची पिवळी कीड बसायची, ती आय राखेनं झाडायची.

आमच्या घरात आत्या होती, आबांची थोरली बहीण. लहानपणीच कपाळ पांढरं होऊन माघारी आलेली. जिभेला हाड नाही, पण बोलायची ते खरं. आय तिला वन्सं म्हणायची आणि जरा टरकूनच असायची. आत्यानं एक-दोनदा सुचवलं की बाई, अती तिथं माती, हिला जरा उपाशी ठेव. आयनं कानाडोळा केला. मग एक दिवस आत्या मी आणलेल्या कळशीपुढंच आडवी उभी राहिली. म्हणाली, "ही तहानेली न्हाई. पोट भरलेलं झाड कशापायी फुलंल?"

आय आत्याला उलटून बोललेली मी तेवढी एकदाच पाहिली. ती म्हणाली, "येवढं पाणी आपल्या घरावर सोडलंय. त्यातलं कळशीभर हिला दिलं तर कुणाचं काय जातंय?"

आत्या बाजूला झाली. आयनं कळशी ओतली. त्यानंतर कितीतरी दिवस दोघींचं बोलणं माझ्यामार्फत चालायचं. वन्संना सांग भाकरी झाल्यात, वयनींना सांग भूक नाही. दोघी एका चुलीपुढं बसून. मला हसू यायचं आणि धपाटाही मिळायचा.

दुसऱ्या उन्हाळ्यात मी खाली जाऊन आले. चौकट कलली होती. ते सांगताना मी जरा सावरूनच सांगितलं, पण आयला कळलं. आबांना विचारावं तर ते काही बोलत नसत. ओसरलेल्या गाळात ते काकडी-कलिंगडं लावायचे, रोज खाली असायचे, पण घराच्या जोत्याला वळसा घालून जायचे. त्यावर पाय ठेवलेला मी कधी पाहिला नाही. मी मात्र बिनधास्त. जोत्यावरून पळायचे, चुलीच्या जागी बसायचे, इकडून आत तिकडून बाहेर. मला ते खेळायला मिळालेलं मोकळं घर होतं.

तिसऱ्या उन्हाळ्यात चौकट नव्हती. भिंती बसल्या होत्या, माती विरघळून गेली होती. गाळाखाली उंबऱ्याची एक कड तेवढी दिसत होती, तीही ठाऊक असणाऱ्याला. त्याच वर्षी माझी सोयरीक जमली होती, उत्रोलीला. पुढचा उन्हाळा सरला की मी सासरी जाणार होते. माळावर परत आले तेव्हा आय नेहमीसारखी दारात उभी होती, पण या वेळी तिनं काही विचारलं नाही. माझं तोंड बघितलं आणि आत गेली. थोड्या वेळानं भाकरी थापता थापता म्हणाली, आता पुढच्या वर्षी उंबराही गाळात गेला तर मला दाखवणार कोण? तू तर निघालीस. मी म्हटलं, आबा दाखवतील. ती म्हणाली, ते दाखवायचे नाहीत.

मग तिनं हातातलं पीठ झटकलं आणि आत्यापुढं जाऊन उभी राहिली. "काय करू ते सांगा, वन्सं."

आत्या निवडायचे तांदूळ खाली ठेवून म्हणाली, "काय करू नगंस. तेवढंच कर."

पावसाळा सरल्यावर आत्यानं कोयता घेतला आणि कण्हेर गुडघ्याएवढी ठेवून सगळी उतरवली. आय आत बसली होती, खाटखाट आवाज ऐकत. तोडलेल्या फांद्या आत्यानं लांब नेऊन टाकल्या, चुलीत जाऊ नयेत म्हणून, तिचा धूरही वाईट असतो. खत बंद. पाणी बंद. थंडीत बुंध्यातून नवे फोक फुटले, चांगले मनगटाएवढे जाड नव्हेत, बारीक, काटक. माघात जमीन तडकली. फाल्गुनात खालची पानं पिवळी पडून गळायला लागली. आयला ते बघवेना. ती अंगणात झाडाकडं पाठ करून बसायची, जशी आंब्याखाली गावाकडं पाठ करून बसायची तशी. एकदा भर दुपारी तांब्या घेऊन ती झाडापर्यंत गेली. आत्या बघत होती, मी बघत होते. आय उभी राहिली, उभी राहिली, आणि माघारी येऊन ते पाणी तुळशीला घालून टाकलं. घरात येऊन तोंडाला पदर लावून रडली. ज्या बाईनं पाण्यापायी घर गमावलं, तिला आपल्या हातानं झाड तहानेलं ठेवावं लागत होतं. मला त्या वेळी आत्याचा असा राग आला होता.

चैत्राच्या शेवटी पहिली कळी मीच पाहिली. शेंड्याला गव्हाएवढ्या हिरव्या कळ्यांचा घोस. मी ओरडत आत गेले. आय धावत आली नाही. हात धुतले, पदर सारखा केला, सावकाश बाहेर आली आणि कळीला बोटही न लावता नुसती बघत राहिली. आत्या मागून म्हणाली, "आता तरी पाणी घालशील काय?" आणि दोघी हसायला लागल्या. किती दिवसांनी हसल्या.

देऊळ उघडं पडलं तोवर झाड पांढरं झालं होतं. पहिल्या सोमवारी आय लवकर उठली, लग्नातलं जपून ठेवलेलं लुगडं नेसली, परडीत फुलं घेतली. आंब्यापाशी आल्यावर तिचे पाय अडखळले. मी तिचा हात धरला. तिनं पहिल्यांदा खाली पाहिलं. नुसता करडा गाळ, भेगाळलेला, आणि त्यात काळं देऊळ. गाव कुठं आहे, तिनं विचारलं. मी बोट दाखवलं. ती म्हणाली, येवढंसं?

देवाला फुलं वाहिली. एक फूल तिनं मुठीत ठेवलं होतं. मग मी पुढं, ती मागं. आबा त्यांच्या कलिंगडांच्या वाडीत काम करत होते. आम्हाला बघून उभे राहिले आणि खुरपं टाकून मागून चालत आले. जागा मला पायांनी पाठ होती. गाळ हातानं उकरला, तसा उंबरा लागला. तोच झिजलेला, मधे खोलगट. आयनं तांब्यातलं धरणाचं पाणी त्यावर ओतलं, पदरानं पुसला, हळदकुंकू लावलं आणि मुठीतलं फूल त्या खोलगट जागी ठेवलं. बरोबर बसलं. तिनं उंबऱ्याला डोकं टेकलं ते किती वेळ उचललंच नाही.

मग उठली, आणि आत गेली. आत म्हणजे काय, चहूकडं उघडं रान. वर आभाळ, पुढं पाणी, ना भिंत ना चौकट. पण आय उंबऱ्यावरून पाय टाकताना निम्मी वाकली. नेहमी वाकायची तेवढीच. तिच्यामागून आबा. कधी त्या जोत्यावर पाय न ठेवणारे आबा उंबऱ्यापाशी थांबले, कपाळावर हात धरला आणि कमरेत पार दुमडून आत गेले.

मी बाहेर उभी. तीन उन्हाळे मी तिथून ताठ मानेनं पळत आले-गेले होते. आताही तशीच पाय उचलून आत निघाले. आयनं मागं वळून पाहिलं. डोळे वाहत होते, पण आवाज रोजचाच, चुलीपुढून यायचा तसा.

"डोकं संभाळ."

मी वाकले.

पुढच्या महिन्यात माझं लग्न झालं. पाठवणीला आयनं शेण लावलेली एक फांदी ओटीत घातली, तीच ही दारापुढची. आय गेली त्यालाही आता किती उन्हाळे झाले. आमचं उत्रोलीचं दार चांगलं उंच आहे, पाव्हणेरावळे ताठ येतात, ताठ जातात. रोज सकाळी मी उंबऱ्यावर फूल ठेवते आणि क्षणभर थांबते. मला डोकं संभाळ म्हणणारं आता कुणी उरलेलं नाही.